एमएसकॉन्फिगमध्ये टिक मारली आणि विंडोज उघडेना? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

यूट्यूबवर आणि रील्सवर एक ट्रिक वर्षानुवर्षं फिरतेय. विंडोजचं बटण आणि आर दाबा, एमएसकॉन्फिग (विंडोज कशी चालू व्हावी ते ठरवायचं टूल) टाइप करा, बूट टॅबमध्ये जा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडा, नंबर ऑफ प्रोसेसर्सला टिक मारून सगळ्यात मोठा आकडा निवडा, शेजारी मॅक्सिमम मेमरीलाही टिक मारा, ओके, रिस्टार्ट, आणि लॅपटॉप रॉकेट! रॉकेट कसलं, काहींचा लॅपटॉप आधीपेक्षा स्लो होतो, काहींचा निळा स्क्रीन दाखवून परत परत रिस्टार्ट होत बसतो. दुसरा प्रकार म्हणजे सेफ बूटवर टिक मारली आणि आता मशीन सेफ मोडमधून (फक्त गरजेपुरत्या गोष्टी चालू ठेवणारा दुरुस्तीचा मोड) बाहेरच येईना, त्यात पिन पण घेईना. मग दुकानात नेलं की उत्तर ठरलेलं, "विंडोज उडालीय, नवीन मारावी लागेल, डेटाची गॅरंटी नाही."

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. यात काही उडालेलं नसतं. विंडोजच्या फायली जागेवर, तुमचे फोटो जागेवर, टॅलीचा डेटा जागेवर. फक्त चालू होताना विंडोज जी छोटीशी यादी वाचते त्यात एक चुकीची ओळ गेलेली असते, आणि ती ओळ काढली की काम झालं. म्हणून फॉरमॅट नको, रिसेट धिस पीसी पण नको. त्यात कीप माय फाइल्स निवडलं तरी टाकलेली सगळी सॉफ्टवेअरं जातात, मग परत सगळं बसवत बसा.

ही यादी म्हणजे बीसीडी, बूट कॉन्फिगरेशन डेटा. व्हिस्टापासून हीच पद्धत आहे, त्याआधी एक्सपीमध्ये बूट डॉट आयएनआय नावाची साधी टेक्स्ट फाइल असायची जी नोटपॅडमध्ये उघडून बदलता यायची. बीसीडी तशी उघडत नाही, तिला बीसीडीएडिट नावाची कमांड लागते. एमएसकॉन्फिगचा बूट टॅब तुम्हाला टिक मारायला देतो, पण आतून तो याच यादीत ओळी घालतो. खाली जे सांगतोय ते विंडोज ११ ला आणि विंडोज १० ला दोन्हीला चालतं. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला असला तरी अर्ध्या घरांत अजून तीच चालू आहे हे माहितीय मला.

आधी ठरवा तुमचं नक्की काय झालंय

विंडोज उघडतेय पण स्लो आहे किंवा रॅम कमी दाखवतेय, असं असेल तर तुम्ही सगळ्यात सुखी. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, खाली हार्डवेअर रिझर्व्ह्ड लिहिलेलं दिसेल. नेहमी तिथे थोडेफार एमबी असतात, ग्राफिक्ससाठी वगैरे राखलेले. ८ जीबीच्या मशीनवर तिथे ४ जीबी किंवा जास्त दिसत असेल तर मॅक्सिमम मेमरीची टिक लागलीय असं समजा. तसंच सीपीयूवर क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्सचा आकडा बघा, तुमच्या प्रोसेसरला जेवढे असायला हवेत त्यापेक्षा कमी असतील तर दुसरी टिक पण लागलीय. परत एमएसकॉन्फिग, बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, दोन्ही टिका काढा, ओके, रिस्टार्ट. झालं, पुढचं वाचायची पण गरज नाही.

आणि हो, त्या टिका मारून फायदा कधीच होत नसतो. टिक नसताना विंडोज सगळे कोअर आणि सगळी रॅम आपणहूनच वापरते. ते दोन्ही पर्याय मर्यादा घालायला दिलेत, ड्रायव्हर वगैरे लिहिणाऱ्या लोकांना कमी रॅमवर आपलं काम कसं चालतं हे तपासायला. मॅक्सिमम मेमरीमध्ये ४०९६ टाकलं म्हणजे ४ जीबी मिळाली असं पण नसतं, कारण ती मर्यादा मेमरीच्या पत्त्यावर (जागेच्या क्रमांकावर) लागते, आणि पहिल्या ४ जीबीच्या पत्त्यांमधला काही भाग ग्राफिक्स आणि बाकीच्या डिव्हाइसेसनी अडवलेला असतो, त्यामुळे हातात त्याहून कमीच येते. आणि आकडा फारच लहान पडला तर विंडोजला उभं राहायलाच जागा उरत नाही, तेच ते रिस्टार्टचं चक्र.

विंडोज सेफ मोडमध्येच उघडतेय, म्हणजे काळा स्क्रीन, चारी कोपऱ्यांत सेफ मोड लिहिलेलं, आयकॉन मोठे मोठे, वायफाय गायब, आणि तुम्हाला लॉगिन करता येतंय, तर तिथूनच एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबमधली सेफ बूटची टिक काढा आणि रिस्टार्ट मारा.

लॉगिन होत नसेल तर अडचण बहुतेक पिनची असते. सेफ मोडमध्ये पिन बऱ्याचदा चालत नाही, पिन उपलब्ध नाही असा मेसेज येतो, तेव्हा साइन इन ऑप्शन्समधून पासवर्ड निवडा. इथे लोक एक घोळ करतात, पासवर्ड आठवत नाही म्हणून मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड बदलतात आणि नवीन टाकतात. पण साध्या सेफ मोडमध्ये इंटरनेटच नसतं, मशीनला नवीन पासवर्ड कळणार कसा, त्याला जुनाच हवा. जुना आठवत नसेल तर ढकलत बसू नका, खालचा कमांडवाला रस्ता धरा, त्याला बहुतेक वेळा विंडोजचा पासवर्ड लागत नाही.

विंडोज अजिबातच उघडत नसेल तरी तोच रस्ता, तो विंडोजच्या रिकव्हरीच्या (दुरुस्तीच्या) स्क्रीनवरून जातो.

रिकव्हरीच्या निळ्या स्क्रीनपर्यंत पोचायचं कसं

लॉगिन स्क्रीन दिसत असेल तर सोपं आहे, कीबोर्डवरची शिफ्ट दाबून धरायची आणि कोपऱ्यातल्या पॉवरच्या चिन्हातून रिस्टार्ट क्लिक करायचं, शिफ्ट सोडायची नाही.

लॉगिनपर्यंत पण जात नसेल तर जरा दांडगाई करावी लागते. चार्जर लावा. मशीन चालू करा, कंपनीचा लोगो येऊन खाली टिपके गोल फिरायला लागले की पॉवर बटण दाबून धरा, साधारण १० सेकंद, पूर्ण बंद होईपर्यंत. परत चालू, परत टिपके, परत बंद. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा हात लावू नका, प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर असं काहीतरी लिहून येईल, मग निळा स्क्रीन आणि त्यावर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सचं बटण. एवढ्याने हार्ड डिस्क खराब होते का म्हणून लोक घाबरतात, रोज करू नका एवढंच, हा मार्ग मायक्रोसॉफ्टच सांगते.

हे पण जमेना तर पेन ड्राइव्ह. मित्राच्या चालू लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्यायचं आणि कमीत कमी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज तयार करायची, त्यातला आधीचा सगळा डेटा पुसला जातो तेव्हा लग्नाच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह घेऊ नका. तो लावून मशीन चालू करताना बूट मेनूची की टपटप दाबत राहायची. एचपीला एफ९, डेल, लेनोवो आणि एसरला साधारण एफ१२, असूसच्या लॅपटॉपला एस्केप, असेंबल केलेल्या पीसीत गिगाबाइटचा बोर्ड असेल तर एफ१२ आणि एमएसआयचा असेल तर एफ११. लॅपटॉपवर कधी कधी एफएन की पण सोबत धरावी लागते. सेटअपचा स्क्रीन आला की इन्स्टॉल नाऊ दाबायचं नाही, परत सांगतो, दाबायचं नाही, रिपेअर युवर कॉम्प्युटर असा पर्याय शोधायचा.

थांबा, बिटलॉकरची की आहे का?

बिटलॉकर म्हणजे ड्राइव्हमधला डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) उघडताना बरीच नवीन मशीनं ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतात, ६-६ आकड्यांचे ८ गट. इथे लोकांना घाम फुटतो, "मी तर कधी बिटलॉकर चालूच केलं नव्हतं." तुम्ही नाही केलं, पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर ते आपोआप चालू होतं, आणि की त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. मोबाइलवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये जा, तिथे बिटलॉकर कीज मिळतील. एकापेक्षा जास्त की दिसल्या तर स्क्रीनवरचा की आयडी जुळवून बघा, पहिली ८ अक्षरं जुळली की तीच तुमची. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने लॅपटॉप सेट करून दिला असेल तर की त्याच्या अकाउंटमध्ये असणार, गाठा त्याला. कंपनीचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांना फोन लावा, तसंही कंपनीच्या मशीनवर हे उद्योग आपण करायचे नसतात.

की सापडत नसेल तर लगेच रडू नका, कारण त्याच स्क्रीनवर खाली स्किप धिस ड्राइव्ह असतं. ते दाबलं तर सी ड्राइव्ह कुलूपबंदच राहतो, पण कमांड प्रॉम्प्ट उघडतो, आणि यूईएफआय, म्हणजे चालू होण्याच्या नव्या पद्धतीच्या, मशीनवर बीसीडी सी ड्राइव्हमध्ये नसतेच, ती वेगळ्या छोट्या पार्टिशनमध्ये असते ज्याला बिटलॉकर लागत नाही. म्हणजे कुलूप न उघडता यादी दुरुस्त करता येते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटने जगभरातली ८५ लाख विंडोज मशीनं झोपली होती ना, विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते तेव्हा, त्या वेळी ज्यांच्याकडे की नव्हती अशा बऱ्याच आयटीवाल्यांनी हीच वाट वापरली. फक्त त्यांना सेफबूटची ओळ घालायची होती, आपल्याला काढायचीय.

तरी की शोधून कुठेतरी लिहून ठेवाच, कारण बूटच्या सेटिंगला हात लावल्यावर पुढच्या वेळी चालू होताना मशीन ती एकदा मागू शकतं. आणि की कायमची हरवली तर त्या ड्राइव्हमधला डेटा मायक्रोसॉफ्टसुद्धा काढून देऊ शकत नाही, कस्टमर केअरला कितीही ओरडा.

आता खरं काम

निळ्या स्क्रीनवर ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग कमांड प्रॉम्प्ट. वाटेत स्टार्टअप रिपेअर दिसेल आणि मोह होईल. चालवून बघायला हरकत नाही, पण बऱ्याचदा काही उपयोग होत नाही, कारण तो तुटलेल्या फायली शोधतो आणि इथे तुटलेलं काहीच नाही. सेटिंग त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, तुम्हीच दिलेलं आहे. शेवटी तो म्हणतो रिपेअर करता आलं नाही आणि लोक समजतात आता सगळंच संपलं.

काळी खिडकी उघडेल, ओळीची सुरुवात एक्स ड्राइव्हने होईल. घाबरू नका, तुमचा सी कुठे गेला नाही, एक्स म्हणजे रॅममध्ये तात्पुरती उभी केलेली रिकव्हरीची विंडोज.

कमांड अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या, मी इथे उच्चार लिहितोय आणि स्पेस कुठे द्यायची ते सांगतोय. कॅपिटल-स्मॉलने फरक पडत नाही, स्पेसने पडतो.

पहिली कमांड: बीसीडीएडिट, स्पेस, स्लॅश एनम. बीसीडीएडिट हा एकच शब्द, बी सी डी ला चिकटून ई डी आय टी. एनम म्हणजे ई एन यू एम. स्लॅश तो प्रश्नचिन्हाच्या कीवरचा, आणि स्लॅश आणि एनममध्ये जागा नाही. एंटर.

दोन ठोकळे दिसतील. वरचा विंडोज बूट मॅनेजर, त्याला सोडून द्या. खालचा विंडोज बूट लोडर, आपलं गिऱ्हाईक हे. डावीकडे नावं, उजवीकडे किमती. पहिली ओळ आयडेंटिफायर, तिच्यासमोर महिरपी कंसात डिफॉल्ट. डिस्क्रिप्शनच्या ओळीत विंडोज १० किंवा ११ लिहिलेलं हवं. तिथे विंडोज सेटअप लिहिलं असेल तर तुम्ही पेन ड्राइव्हची यादी बघताय, तुमच्या मशीनची नाही, तेव्हा थांबा आणि पॉवर बटणाच्या दांडगाईने मशीनच्या स्वतःच्या रिकव्हरीत शिरता येतंय का बघा. आता त्या ठोकळ्यात यातलं काय दिसतंय ते शोधा:

सेफबूट, समोर मिनिमल किंवा नेटवर्क. ट्रंकेटमेमरी, समोर शून्य एक्सने सुरू होणारा विचित्र आकडा. नमप्रॉक, समोर एखादा आकडा.

ही तीन नावं साध्या घरगुती मशीनवर तिथे नसतातच. दिसली म्हणजे चोर सापडला. मोबाइलने त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, खरंच काढा, पुढे कोणाची मदत घ्यायची झाली तर तो फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की अर्धं काम होतं.

सी ड्राइव्ह कुलूपबंद नसेल तर यादीची कॉपी पण काढून घ्या: बीसीडीएडिट, स्पेस, स्लॅश एक्सपोर्ट, स्पेस, मग सी, कोलन, उलटा स्लॅश आणि फाइलला एखादं छोटं इंग्रजी नाव. काही बिनसलं तर एक्सपोर्टच्या जागी इम्पोर्ट लिहून तीच कॉपी परत घालता येते.

आता ओळ काढायची. बीसीडीएडिट, स्पेस, स्लॅश डिलीटव्हॅल्यू, स्पेस, महिरपी कंसात डिफॉल्ट, स्पेस, आणि शेवटी जी ओळ काढायची तिचं नाव. डिलीटव्हॅल्यू हा एकच शब्द, मध्ये जागा नाही. महिरपी कंस म्हणजे शाळेत गणितात असायचा तोच, पी च्या उजवीकडच्या दोन की शिफ्ट धरून. नाव म्हणजे सेफबूट किंवा ट्रंकेटमेमरी किंवा नमप्रॉक, प्रत्येक एकच शब्द, आणि स्पेलिंग वरच्या यादीत समोरच दिसतंय, बघून लिहा. तीन ओळी असतील तर तीन वेळा कमांड द्यायची, बाण वरचा दाबला की आधीची कमांड परत येते, फक्त शेवटचा शब्द बदला.

बऱ्याच ठिकाणी डिफॉल्टच्या जागी करंट लिहिलेलं असतं. ते विंडोज चालू असताना ठीक आहे, पण रिकव्हरीत करंट म्हणजे खुद्द रिकव्हरीच, तुमची विंडोज नाही. तिथे कितीही वेळा कमांड दिली तरी तुमच्या विंडोजची ओळ तशीच राहते आणि माणूस म्हणतो कमांड चालली नाही. रिकव्हरीत डिफॉल्टच.

बरोबर झालं तर एका ओळीत ऑपरेशन यशस्वी झाल्याचं लिहून येतं. एलिमेंट नॉट फाउंड आलं तर ती ओळ तिथे नव्हतीच किंवा स्पेलिंग चुकलं. शेवटी परत पहिली कमांड देऊन यादी बघून घ्या, नावं गेली का. मग एक्झिट टाइप करून एंटर, आणि निळ्या स्क्रीनवर कंटिन्यू. विंडोज नेहमीसारखी उघडायला हवी.

ओळ नाही, बायोसच बदललंय असं असेल तर

यादीत काहीच वेडंवाकडं दिसलं नाही तर आठवा, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, काही केलं होतं का? तीन नेहमीचे गुन्हेगार. एक, साटा मोड किंवा व्हीएमडी (डिस्क मशीनशी कशी बोलते ते ठरवणारं सेटिंग), रेडवरून एएचसीआय केलं किंवा उलट, की इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस असं लिहिलेला निळा स्क्रीन येतो. दोन, यूईएफआयचं लेगसी (जुनी पद्धत) केलं, की बूट डिव्हाइसच सापडत नाही म्हणतं. तीन, सिक्युअर बूट (चालू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय) बंद केलं, की बिटलॉकर की मागायला लागतं. तिन्हीवर औषध एकच, जे होतं ते परत करा. लोड डिफॉल्ट्स डोळे झाकून मारू नका, कारण डिफॉल्ट म्हणजे तुमची विंडोज टाकताना जे होतं तेच असेल असं नाही, साटा मोड तिथेच परत फिरतो आणि नवीन कोडं तयार होतं. काय होतं ते आठवतच नसेल तर साटाचे दोनच-तीन पर्याय असतात, एकेक बदलून चालू करून बघा, नुसतं मोड बदलल्याने डेटा जात नाही. फक्त तिथे डिस्क पुसायची किंवा रेड व्हॉल्यूम डिलीट करायची परवानगी मागितली तर नाही म्हणायचं.

इंटरनेटवर याच ठिकाणी बूटरेक फिक्सएमबीआर, फिक्सबूट असल्या कमांडींची माळ सापडेल. फिक्सएमबीआर जुन्या बायोस पद्धतीच्या डिस्कसाठी आहे, आजच्या यूईएफआय मशीनवर तिचा उपयोग नाही, आणि फिक्सबूट बऱ्याचदा ॲक्सेस डिनाइड म्हणून हात वर करते. बीसीडीच पूर्ण गेली असेल तर बीसीडीबूट नावाची वेगळी कमांड आहे, पण ते फक्त एनमने यादी उघडलीच नाही तर. यादी उघडतेय आणि एकच ओळ चुकलीय, तर अख्खी यादी नव्याने लिहायचं काही कारण नाही.

विंडोज उघडली, आता दोन कामं

सेफ मोड परत कधी लागला तर एमएसकॉन्फिगमधून टिक मारून जायचं नाही, ती टिक काढेपर्यंत चिकटलेली राहते. शिफ्ट धरून रिस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि मग ४ दाबा, इंटरनेट हवं असेल तर ५. हे एकदाच लागू होतं, पुढच्या वेळी मशीन आपोआप नॉर्मल.

दुसरं, जुन्या विंडोजसारखं चालू होताना एफ८ दाबून सेफ मोडचा मेनू आणता येतो, पण विंडोज ८ पासून तो मुळातच बंद ठेवलाय, आधी चालू करावा लागतो. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि बीसीडीएडिट, स्पेस, स्लॅश सेट, स्पेस, महिरपी कंसात डिफॉल्ट, स्पेस, बूटमेनूपॉलिसी, स्पेस, लेगसी असं द्या. पॉवरशेल उघडलं असेल तर महिरपी कंसाला सिंगल अवतरण चिन्हांत घाला, नाहीतर ते भलताच अर्थ लावतं. नंतर नको वाटलं तर लेगसीच्या जागी स्टँडर्ड लिहून तीच कमांड.